दादांच्या कोटावरचा बिल्ला: ‘एम. एन.’ ही अक्षरे कोणत्या दलाची?

दाभोळखाडी

माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो), दुसऱ्या महायुद्धात ‘नेव्हीत’ होते, असे आमच्या घरी पूर्वीपासून सांगितले जाते. माझ्या जन्माआधीच ते वारले, त्यामुळे त्यांच्या तोंडून काही ऐकण्याचा योग आला नाही. यंदा ईदच्या आधीच्या आवराआवरीत त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, शिवणाच्या डबीत, एक लहानसा बिल्ला मिळाला. तो कोणत्या पलटणीचा किंवा दलाचा आहे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

बिल्ला अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा असून धातू पांढरा, पण बराच काळवंडलेला आहे. दोराच्या पिळासारखा अंडाकृती वेढा आहे, खालच्या बाजूला त्याच दोराची गाठ आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत ‘एम’ आणि ‘एन’ ही दोन रोमन अक्षरे आहेत. वर मुकुट आहे. मात्र जुन्या नाण्यांवर दिसतो तसा क्रूस असलेला हा मुकुट नाही. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पट्टीवर जहाजाचे शीड आणि जहाजाची पिछाडी अशी चित्रे एकाआड एक बसवलेली दिसतात. मागे टाचणी नाही; आखूड दांडीवर अर्धचंद्राच्या आकाराचा पत्रा आहे. त्याच बाजूला अगदी बारीक ठसे आहेत: पंजा उचलून चालणारा एक प्राणी, एक नांगर, ‘क्यू’ हे अक्षर आणि आणखी दोन पुसट अक्षरे.

नांगर आहे म्हणजे हा बिल्ला नौदलाचाच, असे माझा भाऊ म्हणतो. ‘एम’ म्हणजे मराठा, दादा मराठा पलटणीत असणार, असे चुलत्यांचे मत आहे. घरात दादांचा एकच फोटो आहे. त्यात ते ओव्हरकोट घालून उभे आहेत, हाच बिल्ला डाव्या कॉलरच्या काजात आहे आणि फोटोमागे ग्लासगो येथील स्टुडिओचा शिक्का आहे. तारीख नाही.

बेळगावचा_जुना

ताई, मराठा पलटणीची शक्यता आपण निःशंकपणे बाजूला ठेवावी. माझे वडील आणि आजोबा दोघेही त्याच पलटणीत होते, त्यामुळे हे बिल्ले लहानपणापासून हाताळलेले आहेत. महायुद्धाच्या काळात पलटणीचे नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ असे होते आणि लाइट इन्फंट्रीची खूण म्हणून तिच्या बिल्ल्यावर दोरीने बांधलेला बिगुल असे. बिगुल नसलेला मराठा पलटणीचा बिल्ला माझ्या पाहण्यात नाही. ‘एन’ या अक्षराचा तर तेथे संबंधच येत नाही.

नौदलाचे म्हणाल तर त्या काळी आपल्या नौदलाचे नाव ‘रॉयल इंडियन नेव्ही’ होते. १९३४पूर्वी ते ‘रॉयल इंडियन मरीन’ होते. त्यामुळे अक्षरे ‘आर. आय. एन.’ अशी असायला हवीत.

मागच्या अर्धचंद्राचा उल्लेख आपण केलात हे फार चांगले झाले. गणवेशाच्या कॉलरवर लावायच्या बिल्ल्यांना मागे दोन कड्या असतात आणि त्यांतून खिळ ओवून ते पक्के करतात. अर्धचंद्राचा पत्रा मात्र साध्या कोटाच्या काजातून आडवा सारून फिरवण्यासाठी असतो. म्हणजे हा बिल्ला गणवेशासाठी तयार केलेलाच नाही; नागरी कपड्यांवर लावण्यासाठी केलेला आहे. शोध त्या दिशेने घ्यावा.

पदकसंग्राहक

नागरी कपड्यांवर लावायचे ब्रिटिश युद्धकालीन बिल्ले म्हटले की दोन पटकन आठवतात, पण दोन्ही येथे जुळत नाहीत. पहिल्या महायुद्धातला चांदीचा गोल बिल्ला सप्टेंबर १९१६पासून, जखमेमुळे किंवा आजारामुळे सेवेतून मुक्त झालेल्यांना देत असत. त्याच्या कडेने ‘फॉर किंग अँड एम्पायर’ आणि ‘सर्व्हिसेस रेंडर्ड’ असे शब्द असतात आणि मागे क्रमांक कोरलेला असतो. धडधाकट दिसणारा तरुण साध्या कपड्यांत रस्त्यावर दिसला की त्याला भित्रा ठरवून पांढरे पीस हातात देण्याची तेव्हा इंग्लंडात टूम होती. ज्याने आपला वाटा उचलून झाला आहे, त्याला हा अपमान सोसावा लागू नये, हा त्या बिल्ल्यामागचा हेतू. दुसऱ्या महायुद्धात त्याच धर्तीवर ‘फॉर लॉयल सर्व्हिस’ असे शब्द आणि मधोमध राजाची आद्याक्षरे असलेला राजाचा बिल्ला निघाला. तोही गोलच असतो.

दोराचा वेढा आणि शिडांचा मुकुट ही तिसरी गोष्ट आहे. तिच्याबद्दल समुद्रावर गेलेल्या माणसाने बोलावे.

खरी_चांदी

मी सराफी व्यवसायातला आहे, म्हणून मागच्या ठशांपुरते लिहितो. पंजा उचललेला प्राणी हा सिंह असून तो इंग्लंडातील ९२.५ टक्के शुद्ध चांदीचा ठसा आहे. नांगराचा मात्र नौदलाशी किंवा समुद्राशी काहीही संबंध नाही. बर्मिंगहॅमच्या धातुपरीक्षण कचेरीचे ते चिन्ह आहे आणि १७७३पासून तेथे तपासलेल्या चांदीच्या चमच्यापासून पेल्यापर्यंत सर्वांवर ते आढळते. बर्मिंगहॅम समुद्रापासून किती दूर आहे, हे नकाशात पाहिले की गंमत वाटते. ‘क्यू’ हे वर्षाचे अक्षर आहे; त्या मालिकेत ते १९४०-४१ या वर्षाचे ठरते. उरलेली पुसट अक्षरे बनवणाऱ्या कारखान्याची असणार.

आता एक कळकळीची सूचना. कृपा करून बिल्ला टूथपेस्ट, रांगोळी, चिंच अथवा सोड्याने घासू नका आणि ओळखीच्या सराफाकडे नेऊन त्यावर कसही लावून घेऊ नका. अशा लहान वस्तूंच्या ठशांची खोली कागदाइतकीच असते; ते एकदा घासले गेले की बिल्ल्याचे वर्ष सांगणारा एकमेव पुरावा जातो. मऊ सुती कापडाने धूळ पुसावी आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवावा. तो काळा थर दिसायला वाईट वाटला तरी त्याने चांदीचे काही बिघडत नाही.

गलबत

मी स्वतः बोटीवर नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि आमच्या खाडीकाठच्या कित्येक घरांत अशा ट्रंका आहेत, त्यामुळे हा धागा पाहून राहवले नाही.

ताई, ‘एम. एन.’ म्हणजे मर्चंट नेव्ही, व्यापारी नौदल. शीड आणि पिछाडी एकाआड एक असलेला तो मुकुट ‘नौमुकुट’ म्हणून ओळखला जातो. दोराचा वेढा, खाली गाठ, वर नौमुकुट आणि मध्ये ही दोन अक्षरे, असा बिल्ला ब्रिटनमध्ये १९४०च्या सुरुवातीला व्यापारी जहाजांवरील अधिकारी आणि खलाशी यांच्यासाठी निघाला. वर पदकसंग्राहक यांनी पांढऱ्या पिसांची जी हकिकत सांगितली, तिचाच हा पुढचा अध्याय आहे. व्यापारी जहाजांवरील बहुतेक खलाशांना गणवेश नव्हता. अटलांटिक ओलांडून, पाणबुड्यांच्या तावडीतून सुटून आलेला माणूस लिव्हरपूलच्या रस्त्यावर साध्या कोटात फिरत असला, की लोकांना तो लढाई चुकवून बसलेला वाटे. त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काही असेल, तर काजातला हा बिल्ला. ‘मर्चंट नेव्ही’ हे नावही तसे नवेच होते. पहिल्या महायुद्धातील कामगिरीची दखल म्हणून राजा पाचव्या जॉर्जने १९२८मध्ये युवराजाला ‘व्यापारी नौदल आणि मच्छीमार ताफ्यांचा अधिपती’ हा किताब दिला, तेव्हापासून ते रूढ झाले.

आपल्या घरातील ‘नेव्ही’ हा शब्दही त्यामुळे समजतो. आमच्याकडेही बोटीवर गेलेल्या प्रत्येकाला लोक ‘नेव्हीत आहे’ असेच म्हणत आणि अजूनही म्हणतात. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर माणसे ठरावीक भागांतून घेण्याची पद्धत होती. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकची माणसे मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातली आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची असत, खाली इंजिनात आगवाले पंजाब व सरहद्द प्रांतातले आणि सलूनमध्ये व भटारखान्यात गोव्याचे. डेकवर सारंग सर्वांत वरचा, त्याच्या हाताखाली टिंडेल, मग खलाशी. सुकाणू धरणारा तो सुकाणी. बहुधा सारंगच आपल्या गावची आणि नात्यागोत्यातली माणसे घेऊन जाई, म्हणून एकेका बोटीवर अर्धे गाव सापडत असे. आपले दादा यांपैकी काय होते, हे घरात कोणाला आठवते का?

स्पष्टवक्ता

माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. व्यापारी नौदल हे सैन्य नव्हे. हे खलाशी कंपनीचे पगारी नोकर होते, करार संपला की घरी येत आणि पुन्हा दुसरी बोट धरत. मग या बिल्ल्याला ‘लष्करी’ म्हणणे आणि दादा ‘युद्धात लढले’ असे पुढच्या पिढीला सांगणे कितपत योग्य आहे? शिवाय हा बिल्ला गोऱ्या खलाशांसाठी असावा. दादांनी तो ग्लासगोच्या एखाद्या दुकानातून हौसेने घेतला नसेल कशावरून?

गलबत

आपला पहिला मुद्दा कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. ते सैनिक नव्हते, हातात बंदूक नव्हती आणि पेन्शनीच्या बाबतीतही त्यांची गणना सैनिकांत झाली नाही. परंतु टॉर्पेडो सोडणारा माणूस समोरच्या जहाजावर कोण सैनिक आणि कोण नोकर हे पाहत नव्हता. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिकमध्ये बुडवली गेली. इंग्लंडमधून कॅनडाला सुरक्षित ठिकाणी पाठवलेली नव्वद मुले तिच्यावर होती, आणि त्या मुलांची आठवण तेथे आजही काढली जाते. त्याच रात्री शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही थंडीने आणि पाण्याने गेले, हे मात्र अनेकांना ठाऊकच नसते. नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडवली. तीत प्रवासी आणि खलाशी मिळून २८० माणसे गेली.

पगार किती, तर गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास. म्हणूनच १९३९मध्ये युद्ध सुरू होताच लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल येथील बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी बोटींवर चढायला नकार दिला आणि त्यांतल्या कित्येकांनी त्यासाठी तुरुंगवासही भोगला. ‘लष्करी’ हा शब्द आपण खुशाल खोडावा. ‘युद्धातली नोकरी’ हे शब्द खोडण्याचे मात्र काही कारण मला दिसत नाही.

पदकसंग्राहक

दुकानातून घेतला असेल का, या प्रश्नाबद्दल. बंदरांतील कपड्यांची आणि दागिन्यांची दुकाने हे बिल्ले विकत असत, आणि परीक्षणाचा पूर्ण ठसा असलेला चांदीचा नमुना तसा खासगीरीत्या घेतलेला असण्याची शक्यता मी अधिक मानतो. पण त्याने फरक काय पडतो? तुटपुंज्या पगारातल्या माणसाने स्वतःच्या पैशांनी चांदीचा बिल्ला घेतला असेल, तर त्याला त्याची गरज वाटली होती, हेच त्यातून दिसते. ग्लासगोच्या रस्त्यावर सावळ्या माणसाला तर ती गोऱ्या खलाशापेक्षा जास्तच वाटत असणार.

महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. या बिल्ल्यावर क्रमांक नाही, नाव नाही, बोटीचे नाव नाही. तो आपल्याला दल सांगतो, माणूस सांगत नाही. फोटोमुळे तो दादांचाच आहे हे ठरले, हे आपले भाग्य. कोणती बोट आणि कोणती सफर, हे कळण्यासाठी कागदच लागतील. ट्रंकेत किंवा नातेवाइकांकडे जहाजाच्या नोकरीचे दाखले आहेत का, ते पाहावे.

दाभोळखाडी

सर्वांचे मनापासून आभार. खेडला राहणाऱ्या माझ्या फुफूंना (वडिलांच्या बहिणीला) फोन केला. दादा सुकाणी होते, असे त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले. जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेला एक दाखलाही त्यांच्याकडे निघाला आणि त्यांच्या नातवाने त्याचा फोटो पाठवला. चौकोनी घड्यांवर तो फाटला आहे, परंतु वाचता येतो. बोटीचे नाव ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’, त्याच्यापुढे बोटीचा नोंदणी क्रमांक, कामावर घेतल्याचे ठिकाण मुंबई, साल १९४१. कामावरून मुक्त केल्याची तारीख ११ नोव्हेंबर १९४२ आहे. मुक्त केल्याच्या ठिकाणी मात्र कोणत्याही बंदराचे नाव नाही. तेथे ‘समुद्रात’ असे इंग्रजीत लिहिले आहे. वर्तणुकीच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’ असा शिक्का आहे. समुद्रात असताना एखाद्याला नोकरीतून मुक्त कसे करतात, हे आम्हाला उमगले नाही.

गलबत

ताई, हा रकाना वाचून मी थोडा वेळ थांबलो. बोट बुडाली की तिच्यावरचा करार तेथेच संपतो, म्हणून मुक्त केल्याची तारीख बोट बुडाल्याची आणि ठिकाण समुद्र.

‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही पी अँड ओ कंपनीची नामांकित बोट, साडेएकोणीस हजार टनांहून मोठी. १९२९मध्ये ती पहिल्या सफरीवर लंडनहून मुंबईलाच आली होती. बॉयलरच्या वाफेने वीज तयार करून त्या विजेवर बोट पुढे ढकलणारे पाण्याखालचे पंखे फिरवण्याची तिची रचना त्या काळी नवलाची होती. युद्धात तिला सैन्य वाहून नेण्याच्या कामाला जुंपले. ८ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या, त्या मोहिमेत हिने अल्जियर्सला सैन्य उतरवले. परतीच्या वाटेवर, ११ तारखेच्या पहाटे, ओरान बंदराच्या उत्तरेला जर्मन पाणबुडी यू-४०७ने तिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, काही तास तरंगत राहिली. त्यामुळे साडेचारशेच्या आसपास माणसे ‘बोडिशिया’ या विनाशिकेवर सुखरूप पोहोचली. चार माणसे दगावली.

आपले दादा तिच्यावर सुकाणी होते. त्या पहाटे सुकाणू त्यांच्याच हातात होते की ते पाळी संपवून झोपले होते, हे दाखला सांगत नाही.

स्पष्टवक्ता

वाचून बरे वाटले. माझी एक शंका आहे, तीही विचारतो. बोट बुडाली तर दादांचा बिल्ला कसा वाचला? आणि फोटो बुडण्याच्या आधीचा की नंतरचा?

पदकसंग्राहक

बोट काही तास तरंगत होती, म्हणजे अंगावर कोट चढवायला अवधी होता, आणि बिल्ला कोटाच्या काजातच असतो. वर्षाचे अक्षर १९४०-४१चे आहे, म्हणजे बुडण्याआधी तो तयार झालेला होता. पण विकत केव्हा घेतला, हे त्यावरून ठरत नाही. फोटोचीही तीच गोष्ट आहे. ‘बोट बुडाल्यानंतर ग्लासगोत काढलेला फोटो’ अशी ओळ त्याखाली लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, पण हाती असलेल्या पुराव्यावर ती लिहू नये. ‘ग्लासगो, युद्धकाळ’ एवढेच लिहावे.

पदकांबद्दल सांगायचे तर, व्यापारी नौदलाच्या खलाशांना ‘१९३९-४५ स्टार’, आणि त्या काळात भूमध्य समुद्रात काम केलेल्यांना ‘आफ्रिका स्टार’ मिळण्याची तरतूद होती. मात्र पदके आपोआप घरी येत नसत. ज्याने त्याने मागून घ्यायची होती. कोकणातल्या बहुसंख्य खलाशांनी ती मागितलीच नाहीत. वारसांना ब्रिटिश सरकारकडे त्यासाठी अर्ज करता येतो आणि आपल्याजवळ आता नोकरीचा दाखला आहे.

निवृत्त_लेखनिक

कागदपत्रांच्या शोधाबाबत थोडे लिहितो, कारण येथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धकाळातील खलाशांच्या आणि बोटींवरच्या नोकरवर्गाच्या याद्या आहेत. आपल्याला उपयोगी पडतील त्या तीन मालिका: खलाशांच्या नोंदवह्या ‘बीटी ३८२’ या क्रमांकाखाली आहेत आणि त्यांत हिंदी वंशाच्या खलाशांचा भाग स्वतंत्र आहे, बोटींच्या नोकरवर्गाच्या याद्या आणि रोजनिशा ‘बीटी ३८१’मध्ये आहेत आणि त्या बोटीच्या नोंदणी क्रमांकाने लावलेल्या आहेत, बोट कोणत्या दिवशी कोणत्या बंदरात होती, याची कार्डे ‘बीटी ३८९’मध्ये आहेत. म्हणजे आपल्या दाखल्यावरचा तो क्रमांक दादांच्या नावापेक्षाही कामाचा आहे. तो वेगळ्या कागदावर आजच उतरवून ठेवा, कारण घडीवरची शाई सर्वांत आधी जाते.

मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात मेलेल्या खलाशांच्या नावांचा ग्रंथ आहे. त्यात सुमारे सहा हजार व्यापारी खलाशी आहेत. दादा घरी परत आले, त्यामुळे ते त्यात नसतील; पण एकाच सारंगाबरोबर गेलेले गावातले इतर कोणी सापडू शकतील.

नावाबद्दल मात्र सावध राहा. इंग्रज कारकून खलाशाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव लिहून मोकळा होई. आडनाव बहुधा नसेच आणि स्पेलिंग त्या दिवशी कानाला जसे ऐकू आले तसे. एकच ‘इब्राहिम’ मी चार तऱ्हांनी लिहिलेला पाहिला आहे. तेव्हा दादांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गाव यांची जितकी स्पेलिंगे सुचतील तितकी आधी कागदावर मांडा, दाखल्यावरचे स्पेलिंग सर्वांत वर ठेवा आणि मगच मागणीपत्र पाठवा.